दोन ऐकण्यांच्या मधे



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी शाळेत गाणं शिकवत. मला त्यांना पाहण्याचा योग आला नाही. पण त्यांचे काही विद्यार्थी समोर बसले आहेत आणि मघाशी चहा घेताना त्यांनी मला सांगितलं की गुरुजी नवं गाणं एका तासात कधीच पुरं करत नसत. या शनिवारी धृपद, पुढच्या शनिवारी पहिलं कडवं, त्यानंतर दुसरं. मुलं कितीही मागे लागली तरी पुढची ओळ मिळायची नाही. मला दिलेला विषय आहे ‘आवडतं गाणं कसं ठरतं?’ गुरुजींच्या या हट्टात माझं निम्मं उत्तर आलेलं आहे. उरलेलं निम्मं मी आता मांडतो.

या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. नवं गाणं आपल्यापर्यंत पोचतं कसं, हा एक. आणि पोचलेल्या शेकडो गाण्यांतलं एखादंच आपल्याकडे कायमचं मुक्कामाला राहतं ते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत सारखं बदलत आलं आहे: नाटक, तबकडी, रेडिओ, कॅसेट, मोबाइल. दुसऱ्याचं उत्तर मात्र मला तरी तेच दिसतं. गाणं आवडतं ते ऐकताना. पण ते आपलं होतं दोन ऐकण्यांच्या मधे, ते कुठेही वाजत नसताना.

याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच घरातला आहे. पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. दीड वर्षानं, १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी त्या केंद्रावरून गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाडांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. वर्षाच्या ५२ आठवड्यांना ५२ गीतं ठरली होती. त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीतांची संख्या ५६ झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, ललिता फडके अशा कितीतरी गायकांनी ती गायिली. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकणाऱ्या घरांच्या आठवणीही आपण वाचल्या आहेत.

पण त्या प्रसारणाच्या वेळापत्रकाकडे आपलं लक्ष फारसं जात नाही. नवं गीत शुक्रवारी सकाळी पावणेनऊला लागायचं. शनिवारी आणि रविवारी त्याच वेळी तेच गीत पुन्हा. म्हणजे लागोपाठ तीन सकाळी एकच गाणं, आणि मग सोमवार ते गुरुवार काही नाही. घरात टेपरेकॉर्डर नाही, बाजारात तबकडी नाही. गाणं पुन्हा ऐकावंसं वाटलं तर ऐकण्याची सोयच नव्हती. पुढे पुढे पुण्यातली वर्तमानपत्रं प्रसारणानंतर त्या गीताचे शब्द छापू लागली. शब्द हातात आले, चाल मात्र आठवणीत शोधायची. चार दिवस माणसं नेमकं काय करत असतील? विहिरीवर, कारखान्यात, भाकऱ्या थापताना ती चाल जुळवून पाहत असतील. अंतऱ्यात कुठेतरी अडत असतील. बायको म्हणणार, वर जात नाही, खाली येतं. नवरा म्हणणार, वरच जातं. निकाल कोणी द्यायचा? रेडिओ तर गप्प. त्या वादात, त्या अडण्यात ते गाणं त्या घराचं होऊन जात होतं. हे वेळापत्रक आखणाऱ्यांनी असा विचार केला होता, असा माझा दावा नाही. पण मराठी माणसाच्या मनात गाणं पेरण्याचा याहून नेमका प्रयोग मला माहीत नाही.

आता हे माझं नुसतं भावुक बोलणं नाही, यासाठी थोडं शास्त्राकडे वळतो. २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना गाणी ऐकवताना मधेच दोन ते पाच सेकंद आवाज बंद करायचा आणि तेवढ्या वेळात मेंदूत काय चालतं ते पाहायचं. गाणं ओळखीचं असेल तर त्या शांततेतही मेंदूचा ऐकण्याचा भाग काम करत राहिला. गाणं आतल्या आत चालूच होतं. अनोळखी गाण्यात मात्र तसं झालं नाही.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट वारंवार समोर आली, तर तिच्याबद्दल काही विशेष न कळताही माणसाला ती आवडू लागते. जाहिरातवाल्यांना हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण पुढे १९८९मध्ये रॉबर्ट बॉर्नस्टाइन यांनी अशा २०० हून अधिक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा जास्त कामाची गोष्ट बाहेर आली. एकच गोष्ट सलग समोर येत राहिली तर परिणाम कमी होतो. इतर गोष्टींच्या अधूनमधून ती आली तर जास्त होतो. ती दिसणं आणि तिच्याबद्दल मत विचारणं यांत काही काळ गेला, तर आवड आणखी वाढते. आणि फार वेळा समोर आणली तर आवड उतरणीला लागते. थोडक्यात, पुनरावृत्ती हवी, पण सवडीनं.

तिसरा प्रयोग २०१३चा, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला. व्हॅलोरी सलीमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी १९ जणांना पूर्वी न ऐकलेल्या गाण्यांचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे ऐकवले आणि विचारलं, पूर्ण गाणं घ्यायला पदरचे किती पैसे द्याल? ज्या तुकड्यांना जास्त पैसे मिळाले, ते ऐकताना मेंदूतलं सुखाचं केंद्र आणि ऐकण्याची केंद्रं यांचा आपसातला संवाद वाढलेला दिसला. आता ऐकण्याच्या केंद्रांत असतं काय? जन्मापासून आपण जे जे ऐकलं त्याचा साठा. नवं गाणं या साठ्याला विचारतं, आता पुढचा सूर कुठे जाईल सांग. आपण मनात अंदाज करतो. तो थोडा बरोबर यावा आणि थोडा चुकावा, यात गंमत असते. सगळाच बरोबर आला तर गाणं मिळमिळीत वाटतं आणि सगळाच चुकला तर डोक्यावरून जातं.

आपल्या नाटकवाल्यांना ही गोष्ट प्रयोगशाळेशिवाय कळलेली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८०चं, ‘सौभद्र’ १८८२चं. त्या काळच्या संगीत नाटकाचं जुनं पुस्तक उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून आधीच्या एखाद्या गाण्याचे शब्द दिलेले असतात. कधी लावणी, कधी कीर्तनातली साकी-दिंडी, कधी कानडी पद, कधी उत्तरेकडची चीज. शब्द नवे, प्रसंग नवा, पण सूर प्रेक्षकांच्या कानाला थोडेफार ओळखीचे. पुढे १९११च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ढंगाच्या चाली आणल्या आणि लोकांच्या कानाला नवं वळण लागलं. तोवर ऐकणारा तयार झालेला होता.

आणि वन्समोअर! आपण वन्समोअरकडे कौतुकाची पावती म्हणून पाहतो. पण तबकडी दुर्मिळ असलेल्या काळात गाणं लक्षात ठेवायचा दुसरा मार्ग कोणता होता? बालगंधर्व तेच पद पुन्हा घेत, तेव्हा जागा बदलत, लय खेळवत. नाटक पहाटेपर्यंत चाले. प्रेक्षक एका रात्रीत एक पद तीन-चार वेळा ऐके, प्रत्येक वेळी थोडं निराळं. मग कंपनीचा मुक्काम हलायचा. गावात उरायची ती पदांची छापील पुस्तिका आणि एखादा पेटीवाला. पुढल्या मुक्कामापर्यंत ते पद गावाच्या ताब्यात. त्यात गावाचे आपले फेरफार होणारच. गीतरामायणाच्या चार दिवसांऐवजी इथे कित्येक महिने मिळत, एवढाच फरक.

इथवर मी असं बोललो की जणू माणूस एकटाच ऐकतो आणि एकटाच ठरवतो. तसं नाही. आपली आवड ठरवण्यात शेजाऱ्याचा हात मोठा असतो. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे अभिमानी. त्यांच्या काळात चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि सुया कोलंबोकडे वळल्या. सुरुवातीला ती स्पर्धा होती: सात गाणी कशाही क्रमानं वाजवायची आणि श्रोत्यांनी क्रम लावून कळवायचा. पुढे गाण्यांना पायऱ्या मिळाल्या. या आठवड्यात कोणतं गाणं कोणत्या पायरीवर, यावर पैजा लागू लागल्या. दर बुधवारी रात्री देशभरची घरं एकाच वेळी तीच गाणी ऐकत होती आणि दुसऱ्या दिवशी त्यावर भांडत होती. १९५७च्या ऑक्टोबरात आकाशवाणीनं विविध भारती काढली, ती या रेट्यामुळेच. मराठीत मुंबई केंद्राची ‘आपली आवड’ होती. पत्र पाठवायचं, फर्माईश लागते का, आपलं नाव येतं का, याची वाट पाहत बसायचं. वाट पाहण्यातही गाणं मनात वाजतच असतं, हे वेगळं सांगायला नको.

पण अशा क्रमवारीत पहिलं येणारं गाणं खरोखर सर्वांत चांगलं असतं का? २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी याचं सुरेख उत्तर दिलं. त्यांनी अप्रसिद्ध गटांची ४८ गाणी घेतली आणि १४,००० हून अधिक लोकांना ती इंटरनेटवर ऐकायला दिली. काहींना नुसती गाणी दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटलं होतं आणि त्यांना आपल्या जगातल्या इतरांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं तो आकडाही दिसे. आठही जगांत गाणी तीच, सुरुवात शून्यापासून. तरी प्रत्येक जगात वेगळीच गाणी वर चढली. एका जगातलं अव्वल गाणं दुसऱ्यात मागे पडलं. फारच चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फारच वाईट गाणी सहसा वर आली नाहीत; पण मधल्या मोठ्या घोळक्याचं नशीब सुरुवातीच्या चार लोकांच्या हाती होतं. गीतमालेच्या पायऱ्यांवर न चढलेली किती सुंदर गाणी मधल्या घोळक्यात राहिली असतील, याचा विचार करून पाहा.

म्हणूनच जुन्या दिवसांचे गोडवे गाताना मी एका ठिकाणी थांबतो. रेडिओनं आपल्याला वाट पाहायला शिकवलं हे खरं, पण कुणाच्या गाण्याची वाट पाहायची हे मूठभर लोक ठरवत होते. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२चा. आयुष्यभर ते गावोगाव फिरले आणि आंबेडकरी विचारांची गाणी गात राहिले. त्यांच्या गाण्यांचा पसारा आकाशवाणीच्या जोरावर झालेला नाही. ती वस्तीतल्या स्टेजवरून, हाताने उतरवून घेतलेल्या वह्यांतून आणि स्वस्त पुस्तिकांतून पसरली. १४ एप्रिलला ऐकलेलं गाणं पुढच्या १४ एप्रिलपर्यंत वस्तीतली पोरं डफावर आपल्या पद्धतीनं बसवत.

१९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि हे चित्र बदललं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरांत गेले. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी गाण्यांचे स्टॉल लागतात. आधी कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. तिथे गाणं निवडतात कसं ते जाऊन बघा. स्टॉलवाला ऐकवतो, चार जण थांबतात, त्यातला एक म्हणतो ‘हे घ्या, हे आमच्याकडे गेल्या वर्षी वाजलं होतं’. मघाशी सांगितलेल्या प्रयोगातला आकडा हाच, फक्त इथे तो माणसाच्या तोंडून येतो आणि तो माणूस कोण आहे हे आपल्याला दिसत असतं. याच काळात शहरात आणि तालुक्याच्या गावी आपण कागदावर गाण्यांची यादी करून दुकानातून कॅसेट भरून आणत होतो. साठ मिनिटांत बसेल तेवढंच. त्या यादीतून कोणतं गाणं गाळायचं यावर दोन दिवस जात. ते दोन दिवस निवडीचे होते.

गाणं समाजात मुरलं की नाही, हे ओळखायची एक साधी खूण माझ्यापाशी आहे: लग्नातला ब्रास बँड ते वाजवतो का? बँडवाल्याला शब्द वापरता येत नाहीत. क्लॅरिनेटवर मुखडा निघाला की वरातीला तो ओळखता आला पाहिजे, नाहीतर कुणी नाचणार नाही. म्हणून बँडवाला घाई करत नाही. गाणं लोकांच्या तोंडात बसल्याशिवाय तो ते बसवत नाही. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी, ऐन लग्नसराईत प्रदर्शित झाला. अजय-अतुलची त्यातली गाणी वरातींनी त्याच हंगामात उचलली. काही गाण्यांना असा वेग असतो, हे मान्य करायला हवं. पण वेगानं आलेल्यांतलं काय राहिलं, हे पुढल्या काही लग्नसराया सांगतात.

आता आजच्या मोबाइलकडे येतो. स्पॉटिफाय भारतात आलं २०१९च्या फेब्रुवारीत; त्याच्या आधी आणि नंतर इतरही आले. यांच्या शिफारशींमागची मुख्य युक्ती अवघड नाही. तुम्ही जी गाणी ऐकता तीच ऐकणारे लाखो लोक असतात. त्यांनी आणखी काय ऐकलं ते पाहायचं आणि त्यातलं तुम्ही न ऐकलेलं तुमच्यापुढे ठेवायचं. ही युक्ती काम करते. मला स्वतःला या मार्गानं कोकणी आणि बंगाली गाणी मिळाली आहेत, जी एरवी कधी कानावर पडली नसती. आकाशवाणीच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला एवढा पैस कधीच नव्हता. गाणं सापडण्याचा प्रश्न या यंत्रानं जवळपास सोडवला आहे, आणि त्याबद्दल त्याला नावं ठेवणं कृतघ्नपणा होईल.

अडचण दुसऱ्या प्रश्नाशी आहे. गाणं संपतं न संपतं तोच पुढचं सुरू होतं. किंवा आवडलं म्हणून तेच पुन्हा, पुन्हा, अकरा वेळा. दोन्हींत मधला काळ नाहीसा झाला. आठवून पाहायची गरजच उरली नाही. तीस सेकंद ऐकलं की स्पॉटिफायच्या हिशेबात ते एक ‘ऐकणं’ धरलं जातं, आणि रीलमध्ये तर अनेकदा तेवढाही वेळ मिळत नाही. आजच्या मुलांना असंख्य मुखडे येतात आणि अंतरा क्वचित येतो. हा मुलांचा दोष नाही. अंतरा आठवत नाही म्हणून अस्वस्थ व्हायची वेळच त्यांच्यावर येत नाही. याचा तोटा सगळ्यांत जास्त कुणाला होतो? अवघड चालींना. हृदयनाथ मंगेशकरांची एखादी चाल पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही. ती निसटते, दोन दिवसांनी भलत्याच वेळी तिचा एक तुकडा ओठावर येतो आणि मग आपण तिच्या मागे लागतो. पहिल्या तीस सेकंदांत पकड घेणारंच गाणं टिकायचं ठरलं, तर अशा चालींना दारच बंद होईल.

शेवटचा मुद्दा वारशाचा. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना गेल्या पाच-सहा दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली आणि कोणती ओळखीची वाटतात, कोणती मनाला भिडतात ते विचारलं. स्वतःच्या काळातली गाणी त्यांना जवळची वाटली, यात नवल नाही. पण आईबापांच्या तरुणपणातल्या गाण्यांशीही त्यांचं घट्ट नातं निघालं, आणि काही प्रमाणात त्याही आधीच्या गाण्यांशी. मुलांनी ती शोधली नव्हती. घरात, गाडीत ती मोठ्या आवाजात लागत होती आणि मुलं तिथे होती, एवढंच. आपल्यापैकी कितीजणांना गीतरामायण कुणी शिकवलं होतं? सकाळी ते घरात लागायचं आणि आपण दप्तर भरत असायचो.

आता मात्र चार माणसांच्या घरात चार इअरफोन आहेत. प्रत्येकाला त्याच्या आवडीचं मिळतं आणि शेजारच्याला ते ऐकू जात नाही. यंत्राची शिफारस कितीही हुशार असली तरी ती तुमच्यासारख्याच लोकांकडून येते; तुमच्या आजीकडून, तुमच्या मुलीकडून येत नाही. आजी तुमच्यासारखी नसते, हाच तिचा उपयोग आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. घरात गाण्याची एक वेळ ठरवा. आठवड्यातून तीन सकाळी पुरेत. यंत्र मोठ्यानं लावा. एका आठवड्याला एकच नवं गाणं, पूर्ण, अंतऱ्यांसकट. आणि ते निवडायची पाळी घरातल्या प्रत्येकावर आळीपाळीनं यावी. सोळा वर्षांच्या मुलाची पाळी असेल तेव्हा त्याचं रॅप आजोबांनीही शेवटपर्यंत ऐकायचं. उरलेले चार दिवस ते गाणं लावायचं नाही, हा नियम मात्र कडक. मुलं कुरकुरतील, आजोबा जास्त कुरकुरतील. कुरकुरू द्या. बुधवारपर्यंत त्यातलं कुणीतरी स्वयंपाकघरात चुकीच्या सुरात ते गुणगुणेल आणि दुसरं कुणीतरी ओरडेल, ‘असं नाहीये ते!’ हा वाद सुरू झाला की समजा, गाणं घरात आलं.